कांदापातीची मूळकूज

कांदापातीची मूळकूज म्हणजे पातीच्या कांद्याची मुळे आणि ती मुळे ज्या चकतीतून फुटतात ती चकती जमिनीत सडण्याचा विकार. तो कोणा एकाच रोगजंतूमुळे होत नाही. मातीत पाणी साचून हवा कोंडली की मुळे आधी गुदमरतात आणि मग पिथियम, फ्युजेरियम, स्क्लेरोशियम यांसारखे मातीतच वस्ती करून असलेले सूक्ष्मजीव त्यांचा ताबा घेतात. पाने पिवळी पडून रोप लोळू लागते तेव्हा मुळांचा बराचसा भाग आधीच गेलेला असतो. त्यामुळे या विकारात उपचारापेक्षा प्रतिबंधाला महत्त्व आहे, आणि प्रतिबंधाचे बहुतेक काम लागवडीपूर्वीच उरकावे लागते.

महाराष्ट्रात हा विकार दोन ठिकाणी विशेष आढळतो : पावसाळी कांद्याच्या रोपवाटिकांत व शेतांत, आणि शहरांतील गॅलरीत वा गच्चीवर ठेवलेल्या कुंड्यांत. मुंबईच्या उपनगरांतील लागवड दुसऱ्या प्रकारात मोडते. या लेखात सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला हा परिसर समोर ठेवून तिचा प्रामुख्याने विचार केला आहे.

पात आणि तिची मुळे

मुंबईच्या बाजारात 'पातीचा कांदा' किंवा नुसती 'पात' म्हणून जुडीने विकली जाणारी भाजी ही बहुधा नेहमीच्या कांद्याचीच, म्हणजे अ‍ॅलियम सेपा या वनस्पतीची, गड्डा भरण्याआधी उपटलेली कोवळी रोपे असतात. चीन व जपानमध्ये पातीसाठी अ‍ॅलियम फिस्टुलोसम ही वेगळी जाती लावतात. तिला गोल गड्डा धरत नाही. मुळांची ठेवण दोन्हींत सारखीच असल्याने पुढील विवेचन दोन्हींना लागू पडते.

कांदा चिरताना मुळांकडचा जो कठीण भाग कापून टाकला जातो, ती चकती हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कांद्याचे खोड होय. तिला वरच्या बाजूस पाने फुटतात आणि खालच्या बाजूस दोऱ्यासारखी पांढरी मुळे. या मुळांना शाखा थोड्या असतात. इतर वनस्पतींच्या मुळांवर असते तशी केसाळ लव तर जवळजवळ नसतेच. बहुतेक मुळे वरच्या १५ ते ३० सेंटिमीटर मातीतच राहतात. प्रत्येक मूळ अल्पायुषी असते. जुनी मुळे मरत जातात व चकतीतून नवी फुटत राहतात. चकती शाबूत असेपर्यंत रोप सावरू शकते. चकती मऊ पडली की त्याला नवे मूळ फुटण्याची जागाच उरत नाही.

पानांप्रमाणे मुळेही श्वसन करतात आणि त्यासाठी त्यांना मातीच्या कणांमधील पोकळीतून ऑक्सिजन मिळतो. ही पोकळी पाण्याने भरली की पुरवठा तुटतो, कारण ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. भाताच्या रोपात पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ ऊती असतात, म्हणून भात चिखलात उभा राहतो. कांद्याची पातही पोकळ असते, पण ती पोकळी मुळांपर्यंत पोचत नाही. या सारखेपणाने फसून पातीला भाताइतके पाणी मानवेल असे समजणे चुकीचे ठरते.

मराठी शेतकऱ्यांच्या बोलीत 'वापसा' असा एक शब्द आहे. पावसानंतर किंवा पाणी दिल्यानंतर जास्तीचे पाणी खाली निथळून जाते, मातीचे कण ओले राहतात आणि त्यांच्यामध्ये पुन्हा हवा खेळू लागते, त्या स्थितीला 'जमीन वापशावर आली' असे म्हणतात. ओलावा आणि हवा या दोहोंचा हिशेब एकाच शब्दात मांडणारी ही संज्ञा मूळकुजीच्या संदर्भात फार नेमकी आहे. ज्या मातीला वापसा येतो तिच्यात पात तग धरते. जिला तो येत नाही तिच्यात पुढचे सर्व उपाय तोकडे पडतात.

रोगकारक सूक्ष्मजीव

गुदमरून मेलेल्या मुळांच्या टोकांतून शर्करा व इतर द्रव्ये पाझरतात आणि त्यांवर मातीतील सूक्ष्मजीव जमतात. त्यांपैकी पिथियम हा पावसाळ्यातील मुख्य शत्रू. तो दिसायला बुरशीसारखा असला तरी खऱ्या बुरशींत त्याची गणना होत नाही. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या अवयवांच्या साह्याने पाण्यातून पोहत जाऊन मुळांना चिकटतात. साचलेले पाणी त्याला निवारा आणि वाट असे दोन्ही पुरवते. पेरणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत कोवळी रोपे जमिनीलगत मऊ होऊन आडवी पडतात, त्या 'रोप कोलमडणे' किंवा 'मर' या रोगामागे बहुधा पिथियम किंवा रायझोक्टोनिया असतो.

फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीचा कांद्यावर वाढणारा प्रकार चकतीवर हल्ला करतो. त्याला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते, म्हणजे मुंबईची हवा त्याला जवळजवळ बारमाही अनुकूल आहे. तो प्रामुख्याने जखमेतून शिरतो : मुळे तुटलेली असतील, किड्यांनी कुरतडलेली असतील किंवा पाण्याने मेलेली असतील तेथून. त्याचे जाड कवचाचे बीजाणू मातीत अनेक वर्षे टिकतात. स्क्लेरोशियम रोल्फसाय ही उष्ण व दमट हवेतील दुसरी बुरशी. तिची ओळख सोपी आहे. रोपाच्या बुंध्याशी कापसासारखी पांढरी जाळी धरते आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्यांएवढ्या तपकिरी गोळ्या दिसू लागतात. या गोळ्या म्हणजे बुरशीची सुप्तावस्था असून त्या मातीत पुढील हंगामापर्यंत सहज तग धरतात.

'गुलाबी मूळ' हा रोग सेटोफोमा टेरेस्ट्रिस या बुरशीमुळे होतो. त्यात मुळे आधी फिकट गुलाबी, मग जांभळट होऊन सुकतात. मूळकुजीत एरवी सतत पाण्याचाच दोष असतो. या रोगाला मात्र पाणी साचण्याची गरज लागत नाही. एकाच मातीत पुन्हा पुन्हा कांदा लावला की तो बळावतो. परदेशी पुस्तकांत ज्याचे सविस्तर वर्णन असते तो 'पांढरी सड' हा रोग थंड मातीत होतो आणि जमिनीचे तापमान २४ अंशांपलीकडे गेले की मंदावतो. मुंबईत त्याची चिंता करण्याचे कारण नाही. सडलेल्या चकतीला उग्र, नासका वास येत असेल तर बुरशीमागून जिवाणूही शिरले आहेत असे समजावे.

कुंडीत पात लावणाऱ्याला यांतील नेमका कोणता जीव आला आहे हे सूक्ष्मदर्शकाविना ठरवता येत नाही, आणि तशी गरजही क्वचितच पडते. निचरा, स्वच्छ माती आणि निरोगी रोप हे उपाय बहुतेकांवर समान लागू पडतात.

लक्षणे

पहिले लक्षण फसवे असते. माती ओली असूनही दुपारी पात मलूल होते. मुळे मेल्यामुळे रोपाला भोवतालचे पाणी उचलता येत नाही आणि ते तहानलेले दिसते. पाहणारा स्वाभाविकपणे आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळेही जातात. कुंडीतील पातीचा शेवट बहुतेक वेळा अशा काळजीपोटीच होतो.

त्यानंतर बाहेरच्या पानांची टोके पिवळी पडून पिवळेपणा खाली उतरतो, वाढ थांबते आणि हलक्या हाताने ओढले तरी रोप उपटून येते. निरोगी मूळ पांढरे व ताठ असते. कुजलेले मूळ तपकिरी व बुळबुळीत होते. ते दोन बोटांत धरून ओढल्यास वरची साल मोज्यासारखी निसटते आणि आतला बारीक धागा तेवढा हातात राहतो. शंका येताच एक रोप उपटून पाहणे हीच खात्रीची परीक्षा होय. एका रोपाच्या मोबदल्यात सगळी कुंडी वाचू शकते.

पात पिवळी पडण्याची इतर कारणेही आहेत. पानांवर चांदीसारखे बारीक चट्टे असतील तर तो फुलकिड्यांचा उपद्रव असतो. लांबट जांभळे डाग हे जांभळ्या करप्याचे लक्षण आहे. पाने पिळवटून वेटोळी होत असतील तर तो पीळ रोग होय. सर्वांत जुने एखादे पान टोकाकडून वाळणे हे तर नैसर्गिकच आहे. या सर्वांत मुळे पांढरी व घट्ट असतील, तर दोष मुळांचा नाही.

वाकोल्यातील परिस्थिती

वाकोला हा मुंबई उपनगर जिल्ह्यातील, पश्चिम द्रुतगती महामार्गालगतचा दाट वस्तीचा भाग आहे. तेथून वाहणारा वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. जवळच सांताक्रूझ येथे भारतीय हवामान विभागाची वेधशाळा आहे. तेथील नोंदींनुसार जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या भागात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजीच्या अतिवृष्टीत याच वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच काळात कुलाब्याला तो अवघा ७० मिलिमीटरच्या आसपास होता. मोठ्या पावसाच्या दिवशी समुद्राला भरती असली की नाल्याचे पाणी ओसरत नाही आणि सखल भागांत ते घरांत शिरते.

कांद्याच्या मुळांच्या दृष्टीने या आकड्यांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पावसाळ्यातील दमट हवा आणि मंद प्रकाश. पाने बाष्पोच्छ्वास करतात तेव्हा मुळे पाणी ओढतात आणि माती सुकत जाते. ढगाळ, ओलसर दिवसांत हे चक्र जवळजवळ थांबते. उन्हाळ्यात एका दिवसात सुकणारी कुंडी जुलैत आठवडाभर ओलीच राहते, मग तिच्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नसो. नैर्ऋत्येकडून येणारा वारा पश्चिमाभिमुख गॅलऱ्यांत पावसाची झड आणतो. खिडकीच्या जाळीत ठेवलेल्या कुंड्यांवर वरच्या मजल्यांचे छज्जे गळतात. वातानुकूलन यंत्राची नळी वर असेल तर तिचे पाणी कोरड्या दिवसांतही टपकत राहते.

पुराचे पाणी कुंडीत शिरल्यास प्रश्न मुळांपुरता उरत नाही. त्यात नाल्याचे सांडपाणी मिसळलेले असते. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला होता. पात पुष्कळदा कच्चीच खाल्ली जाते. म्हणून अशा पाण्यात बुडालेली पात धुऊनही खाऊ नये, ती टाकून द्यावी आणि माती बदलावी. नाल्याचे पाणी झाडांना घालणेही याच कारणास्तव टाळावे.

लागवडीचा हंगाम

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात कांदा लावण्याची परंपरा नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला अलिबागचा पांढरा कांदा भातकापणीनंतर, पाऊस पूर्ण सरल्यावर लावला जातो. भातखाचरातील उरलेली ओल आणि पुढचे कोरडे हिवाळी ऊन यांवर तो वाढतो. मूळकुजीवरचा सर्वांत स्वस्त उपाय या रिवाजातच आहे.

धार्मिक पंचांगातही याच्याशी जुळणारा एक क्रम दिसतो. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी कुटुंबे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याचे पदार्थ करून तो बंद करतात. पुष्कळ घरांत तो पुन्हा सुरू होतो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला. त्या दिवशी खंडोबाच्या नैवेद्यात बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांच्याबरोबर पातीचा कांदा असतो. या व्रतामागे शेतीचे कारण होते असे म्हणण्यास आधार लागेल. तारखा मात्र जुळतात. कांदेनवमी ते दसरा हा मुंबईत मुळे कुजण्याचा काळ आहे आणि चंपाषष्ठीच्या सुमारास कोवळी पात भरात असते.

मुंबईतून मोसमी वारे सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघार घेतात. बियांपासून काढण्याजोगी पात तयार होण्यास आठ ते दहा आठवडे लागतात. घटस्थापनेच्या सुमारास आडोशाला पेरलेले बी चंपाषष्ठीला जेमतेम पुरे पडते. लहान कांदे लावून पात धरायची असेल तर चार-पाच आठवडे पुरतात. ती लावणी दिवाळीत केली तरी चालते. ज्यांना पावसाळ्यातही पात हवीच असेल त्यांनी कुंडी झड न लागणाऱ्या, पण उजेडाच्या जागी छपराखाली ठेवावी.

कुंडी आणि माती

कुंडीच्या तळाला भोके असणे ही प्राथमिक अट आहे. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, थर्मोकोलची खोकी यांत लागवड करताना ती पाडून घ्यावी लागतात. तळाच्या मध्यभागी एकच भोक असण्यापेक्षा कडेने चार-पाच भोके असावीत, कारण कुंडी लादीवर टेकली की मधले भोक बंद होते. कुंडी दोन विटांवर उचलून ठेवल्यास पाणी मोकळे वाहते व खालून हवाही लागते. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून टाकावी. बशीतले पाणी खालून मातीत परत चढते. शिवाय त्यात एडिस डास अंडी घालतो, म्हणून डेंग्यूच्या हंगामात महानगरपालिकाही अशा बशा रिकाम्या करण्याच्या सूचना देते.

तळाशी खापऱ्या किंवा खडीचा जाड थर दिला की निचरा वाढतो, हा समज फार जुना व सर्वत्र आढळणारा आहे. तो बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही, ते थराच्या वर अडकून राहते. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असा एक चिंब पट्टा असतोच. खडीच्या थरामुळे तो नाहीसा होत नाही, उलट तेवढाच वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. भोकावर माती अडवण्यापुरती एखादी खापरी पुरते. या चिंब पट्ट्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. म्हणून उथळ तबकापेक्षा २० ते २५ सेंटिमीटर खोल कुंडीत वरच्या मुळांना अधिक हवा मिळते. भोकातून काथ्याची दोरी ओवून तिचे टोक खाली लोंबते ठेवल्यास तळाचे थोडे पाणी तिच्यावाटे झिरपून जाते. साध्या डब्यांना ही युक्ती विशेष उपयोगी पडते.

रोपवाटिकांतून मिळणारी तांबडी माती एकटीच वापरल्यास दोन-चार पावसांत घट्ट बसते. तांबडी माती, जाड रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत यांचे समभाग मिश्रण पातीला मानवते. रेती नदीची किंवा बांधकामाची चालते, मात्र ती चाळून बारीक भुकटी काढून टाकावी. जुहूच्या किनाऱ्यावरची वाळू कितीही जवळ असली तरी तीत मीठ असते. भाताचे तूस किंवा कोळशाचे बारीक तुकडे मिसळल्यास मिश्रण भुसभुशीत राहते. नारळाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, उन्हाळ्यात उपकारक आहे, पण तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. पावसाळ्यापूर्वी भरायच्या कुंडीत त्याचे प्रमाण अल्प ठेवावे. स्वयंपाकघरातील ओला कचरा न कुजवता थेट कुंडीत घातल्यास तो सडताना मातीतला ऑक्सिजन वापरतो, उष्णता निर्माण करतो आणि मुळांना अपायकारक ठरतो. मूळकुजीच्या पुष्कळ तक्रारींचा उगम या सदिच्छेत असतो.

ट्रायकोडर्मा ही मातीतील उपकारक बुरशी रोगकारक बुरशींवर वाढते व त्यांची जागा व्यापते. तिची भुकटी कृषिसेवा केंद्रांत मिळते. कोरड्या मातीत भुरभुरण्यापेक्षा ती कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवावी आणि मग ते खत मातीत घालावे. तिचा उपयोग लागवडीपूर्वी होतो. सडू लागलेले मूळ ती पूर्ववत करू शकत नाही, आणि पाणी तुंबलेल्या मातीत तीही टिकत नाही.

पाणी देणे

पाणी वारानुसार किंवा घड्याळानुसार न देता मातीनुसार द्यावे. मुंबईत नळाचे पाणी ठरावीक वेळी येते. त्या वेळी घरातली भांडी भरली जातात तशाच सवयीने कुंड्याही भरल्या जातात. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. टोकाला ओलावा व गारवा जाणवला तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडी थोडी उचलून पाहिल्यास वजनावरूनही अंदाज येतो. पाणी देताना मात्र ते खालच्या भोकांतून बाहेर येईल इतके द्यावे आणि नंतर पुन्हा वापसा येईपर्यंत थांबावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरचा थर सतत ओला राहतो आणि चकती नेमकी त्याच थरात असते.

सकाळी दिलेले पाणी संध्याकाळपेक्षा बरे, कारण दिवसभरात पात व बुंधा कोरडे होतात. मातीवर पाणी तसेच उभे राहत असेल तर काडीने वरचा थर हलकेच सैल करावा. खोल उकरल्यास उथळ मुळे तुटतात आणि त्या जखमांतून फ्युजेरियमला प्रवेश मिळतो.

बी, रोपे आणि कोंब आलेले कांदे

बी ताजे असावे. कांद्याचे बी सामान्य हवेत साठवल्यास वर्षभरात त्याची उगवणशक्ती बरीच घटते. रेंगाळत उगवणारे रोप मर रोगाला सहज बळी पडते. दाट पेरणीही घातक असते, कारण रोपांच्या गर्दीत बुंध्याशी हवा खेळत नाही. दोन रोपांत पाच सेंटिमीटर अंतर पातीला पुरे. रोप लावताना चकती मातीखाली दोन-अडीच सेंटिमीटरच जावी. पांढरा भाग लांब मिळावा म्हणून रोप खोल पुरण्याची पद्धत थंड प्रदेशांतील मोकळ्या जमिनीत चालते. मुंबईच्या कुंडीत ती सड ओढवते.

पावसाळ्यात टोपलीतल्या कांद्यांना कोंब येतात आणि ते कुंडीत पुरले जातात. पात त्यांना लवकर येते हे खरे, पण जुन्या कांद्याचे मांसल पापुद्रे मातीत सडतात आणि ती सड नव्या मुळांना लागते. असा कांदा लावण्यापूर्वी सुकलेली व मऊ पडलेली आवरणे सोलून काढावीत. आत एकाहून अधिक कोंब असल्यास ते चकतीच्या तुकड्यासह सुटे करावेत, चिरेची जागा काही तास सावलीत सुकू द्यावी आणि कोंबाचे तोंड मातीच्या वर ठेवून लावावे. बुडाशी बुरशी धरलेला किंवा दाबल्यावर मऊ लागणारा कांदा लावूच नये.

पेल्यातील पात

बाजारातून आणलेल्या पातीचा मुळांकडचा बोटभर भाग पेल्यातील पाण्यात उभा केला की तो पुन्हा फुटतो. मुळे पाण्यात गुदमरतात हे वर सांगितलेच आहे, तर मग ती पेल्यात कशी जगतात, असा प्रश्न येथे पडतो. ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो आणि उघड्या पृष्ठभागातून तो थोडाफार भरून निघतो. त्यात माती वा कुजणारे खत नसल्याने तो खाणारे जीवही कमी असतात. पण पाणी दोन-तीन दिवस तसेच राहिले की ते गढूळ व बुळबुळीत होते आणि मुळे सडू लागतात. म्हणून पाणी रोज बदलावे, मुळे धुवावीत आणि केवळ मुळेच बुडतील इतकेच पाणी ठेवावे. चकती व पांढरा बुंधा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. काचेचा पेला उन्हात ठेवल्यास पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. एक-दोन कापण्यांनंतर चकतीतील साठा संपतो व पात बारीक होत जाते. त्याआधी ती मातीत लावावी.

लागण झाल्यानंतर

पाणी ताबडतोब थांबवून एक रोप तपासावे. चकती टणक असेल तर रोपे मातीतून काढून, तपकिरी मुळे स्वच्छ कात्रीने छाटून, अर्धा दिवस सावलीत सुकवून ताज्या रेताड मिश्रणात लावता येतात. पात अर्धी कापून टाकल्यास मुळांवरचा भार हलका होतो. चकती मऊ झाली असल्यास ते रोप वाचत नाही. रोगट रोपे खताच्या डब्यात न घालता कचऱ्यात टाकावीत, कारण घरगुती खतात पुरेशी उष्णता निर्माण होत नाही आणि बुरशीच्या गोळ्या त्यात जिवंत राहतात.

उरलेल्या मातीत कांदा, लसूण किंवा त्यांच्या वर्गातील काहीही लगेच लावू नये. मेथी, माठ यांसारखी भाजी घेता येते. स्क्लेरोशियमच्या गोळ्या दिसल्या असतील तर मात्र इतर भाज्याही टाळाव्यात, कारण ती बुरशी शेकडो जातींच्या वनस्पतींवर वाढते. अशी माती एप्रिल-मे महिन्यांत ओलसर करून, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये पातळ थरात बंद करून चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवतात. काळ्या प्लॅस्टिकपेक्षा पारदर्शक प्लॅस्टिकखाली माती अधिक तापते. माती कोरडी ठेवल्यास हा उपाय फारसा साधत नाही. रिकामी कुंडी घासून, धुऊन उन्हात वाळवावी.

कुंडीतील पातीवर रासायनिक बुरशीनाशक ओतण्याचे सल्ले दिले जातात. ही रसायने फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर राखून वापरायची असतात, तर घरची पात आज-उद्या, मुळापासून टोकापर्यंत आणि बहुधा कच्ची खाल्ली जाते. चार मुठी मातीसाठी मात्रा मोजणेही घरी शक्य होत नाही. पाच-दहा रोपे टाकून देण्यात होणारे नुकसान त्या मानाने किरकोळ आहे.

शेतातील प्रतिबंध

घाटावर, विशेषतः नाशिक, पुणे व अहिल्यानगर या जिल्ह्यांत, खरीप कांदा पावसाळ्यातच वाढतो. तेथील पाऊस किनाऱ्याच्या मानाने पुष्कळ कमी असला तरी काळ्या भारी जमिनीत त्याचे पाणी तुंबते. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालय आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशींत गादीवाफ्यांवर भर असतो. रोपवाटिकेसाठी १० ते १५ सेंटिमीटर उंच व एक मीटर रुंद वाफे, तर पुनर्लागवडीसाठी १५ सेंटिमीटर उंच, १२० सेंटिमीटर रुंद गादी आणि दोन गाद्यांमध्ये ४५ सेंटिमीटरची सरी अशी रचना केली जाते. पावसाचे जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि मुळे राहतात तो थर लवकर वापशावर येतो. ठिबक सिंचनामुळे गरजेपुरतेच पाणी देता येते. ट्रायकोडर्मा येथेही शेणखतातून दिली जाते. रोपवाटिकेसाठी तिचे प्रमाण हेक्टरी सव्वा किलो सांगितले जाते. पेरणीपूर्वी बियांवर बुरशीनाशकाची प्रक्रिया केली जाते. पातीऐवजी गड्ड्यासाठी घेतलेल्या पिकात पेरणी आणि काढणी यांत चार महिन्यांहून अधिक काळ जात असल्याने ती घरगुती कुंडीइतकी अनुचित ठरत नाही.

सपाट वाफ्यात पाटाने पाणी देण्याची जुनी पद्धत अनेक ठिकाणी अजून चालू आहे. तिच्यात एका वाफ्यातील रोगट माती पाण्याबरोबर पुढच्या वाफ्यात जाते. त्याच शेतात दरवर्षी कांद्यावर कांदा घेतल्यास फ्युजेरियम आणि गुलाबी मूळ या दोन्हींचा साठा वाढत जातो. म्हणून मका, बाजरी किंवा गहू यांसारखे तृणधान्य मध्ये घेऊन दोन-तीन वर्षांनी कांद्याकडे परत येण्याची फेरपालट सुचवली जाते.